पिस्त्याला पोटॅश: किती, कधी आणि कशावरून ठरवायचं

पिस्त्याच्या बागेत नवा आलेला माणूस पहिल्यांदा नत्राबद्दल विचारतो, मग पाण्याबद्दल, मग किडींबद्दल. पोटॅशचा विषय निघतो तो पानांच्या कडा करपल्यावर किंवा कारखान्यातून आलेल्या प्रतवारीच्या कागदावर पोचट मालाचा आकडा फुगल्यावर. तोपर्यंत त्या हंगामाचं बरंचसं ठरून गेलेलं असतं. खरं तर पिस्त्याचं पीक बागेतून जवळजवळ नत्राइतकंच पालाश (पोटॅशियम; पोटॅश म्हणजे त्याचंच खत) उचलून नेतं. वाळलेला, विक्रीयोग्य १००० पौंड माल निघाला की त्याच्याबरोबर साधारण २८ पौंड नत्र, ३ पौंड स्फुरद आणि २५ पौंड पालाश बागेबाहेर जातं. हे आकडे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधनातून आले आहेत आणि पुढचा सगळा हिशोब त्यांच्यावरच उभा आहे.

हा लेख कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकिन खोऱ्यापुरता आहे, म्हणजे कर्न, किंग्ज, टुलेरी, फ्रेस्नो, मडेरा हा पट्टा. अमेरिकेतला जवळजवळ सगळा पिस्ता इथूनच येतो. इथे शेतीचं शिक्षण घेणारे, बागेत व्यवस्थापक म्हणून लागलेले किंवा भागीदारीत जमीन घेतलेले मराठी लोक डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. नाशिक किंवा सांगलीकडे द्राक्षाचं देठ परीक्षण केलेल्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. मात्र हे वाचून कुणी महाराष्ट्रात पिस्ता लावायला निघू नये. इथल्या केरमन जातीला हिवाळ्यात सात अंश सेल्सिअसच्या खाली आठशे ते हजार तासांची थंडी लागते. ती आपल्याकडे मिळत नाही, आणि थंडी न मिळालेलं झाड खताने फळत नाही.

आधी झाडाचं वेळापत्रक

इथल्या जुन्या बागा बहुतेक केरमन जातीच्या आहेत. विल्यम व्हाइटहाउस यांनी १९३० च्या सुमारास इराणातून आणलेल्या बियांतून ती निवडली गेली आणि १९५७ मध्ये प्रसारित झाली. नव्या लागवडीत २००५ मध्ये आलेली गोल्डन हिल्स खूप दिसते. तिचा माल केरमनच्या साधारण दहा-पंधरा दिवस आधी तयार होतो, म्हणून खाली दिलेल्या तारखा तिच्यासाठी तेवढ्याच अलीकडे सरकवा.

केरमनला मार्च अखेर ते एप्रिलमध्ये फुलोरा येतो. मे संपेपर्यंत कवच पूर्ण आकाराचं होतं, पण आत जवळजवळ काही नसतं. जूनभर कवच टणक होत राहतं. जून अखेरीला गर वाढायला लागतो आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत कवच आतून भरून टाकतो. सप्टेंबरमध्ये काढणी.

पालाशाच्या दृष्टीने यातले गर भरण्याचे सहा-सात आठवडे कळीचे. पानात तयार झालेली साखर फळापर्यंत वाहून नेण्याचं काम पालाशाशिवाय नीट चालत नाही. पानांची छिद्रं उघडझाप करतात तीही त्याच्याच जोरावर, आणि हे सगळं चाळीस अंशांच्या उन्हात. या काळात झाड मुळांतून घेतंच, शिवाय पानांतलंही पालाश काढून फळांकडे पाठवतं. भरपूर फळ असलेल्या झाडाच्या पानांत ऑगस्टमध्ये पालाश कमी दिसतं ते म्हणूनच.

पिस्ता एक वर्षाआड भरभरून फळतो. कोकणातल्या हापूसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. भरीच्या वर्षी गर भरत असतानाच पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या गळून पडतात, आणि पुढचं वर्ष खाली जातं. पोटॅश दिल्याने हे चक्र मोडत नाही. कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पालाशाचं काम एवढंच की जे पीक झाडावर आहे ते भरावं, फुटावं, डागाळू नये. भरीचं वर्ष आणि रिकामं वर्ष यांचा खतहिशोब वेगळा ठेवायचा, हा मात्र या चक्राचा थेट परिणाम आहे.

पानांचा नमुना कसा घ्यायचा

या भागावर वेळ घालवा. प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी पिशवीत चुकीचं पान गेलं तर अहवाल चुकीचाच येणार, आणि आकडे दोन दशांशांपर्यंत छापलेले असल्यामुळे तो खरा वाटणार.

वेळ: जुलैचा शेवटचा आठवडा ते ऑगस्ट अखेर. खाली दिलेली प्रमाणं याच काळातल्या पानांसाठी ठरवलेली आहेत. मे महिन्यातलं कोवळं पान घेऊन ती लावू नका. मेमध्ये पानात पालाशाचं प्रमाण वेगळं असतं, आणि त्यावरून 'सगळं उत्तम आहे' असा गैरसमज होतो.

झाड: फक्त मादी झाडं. पिस्त्याच्या बागेत ठरावीक अंतरावर नर झाडं असतात आणि त्यांना फळांचा भार नसतो, म्हणून त्यांची पानं मिसळली की आकडा बिघडतो. प्रत्येक ब्लॉकमधून, म्हणजे बागेच्या प्रत्येक वेगळ्या तुकड्यातून, दहा ते वीस झाडं निवडा. ती एकाच ओळीत सलग नकोत, ब्लॉकभर पसरलेली हवीत. त्या झाडांना रंगाची खूण करा आणि दरवर्षी तीच झाडं घ्या.

पान: पिस्त्याचं पान संयुक्त असतं. टोकाला एक पर्णिका आणि तिच्या खाली समोरासमोर जोड्या. आपल्याला टोकाची पर्णिका नको, तिच्या लगेच खालच्या जोडीतली हवी. पान पूर्ण वाढलेलं, साधारण सहा फूट उंचीवरचं, आणि फळ नसलेल्या फांदीवरचं असावं. फळाच्या घोसाजवळचं पान त्या घोसाला अन्न पुरवत रिकामं होत असतं, म्हणून ते टाळायचं. प्रत्येक झाडाच्या चारही बाजूंनी मिळून चार ते दहा पर्णिका.

पर्णिका कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटून त्या कुजतात. उन्हात गाडीत ठेवू नका, शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. आधीच्या दिवसांत पानांवर खताची फवारणी झाली असेल तर ते कागदावर लिहा. जस्त किंवा बोरॉनचा थर पानावर बसलेला असतो आणि धुऊनही सगळा जात नाही.

बागेत एखादा कोपरा कायम कमजोर दिसत असेल तर त्याचा नमुना वेगळा घ्या. चांगल्या आणि वाईट झाडांची पानं एकत्र करून काढलेली सरासरी दोघांपैकी कुणाचंच खरं सांगत नाही. दोन वेगळ्या पिशव्यांची किंमत काही डॉलरांनी वाढते, पण पुढची दहा वर्षं त्या कोपऱ्यात काय घालायचं हे त्यावरून कळतं.

अहवाल वाचताना

पालाशासाठी तीन आकडे लक्षात ठेवा. १.६ टक्के ही धोक्याची रेषा, तिच्याखाली उत्पन्नावर परिणाम होण्याची शक्यता जास्त. १.८ ते २.० टक्के हा राखण्याजोगा पट्टा. तिसरा आकडा १.६९: १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथल्या व्यावसायिक बागांमध्ये तीन वर्षं चाललेल्या प्रयोगात गर भरण्याच्या काळातल्या पानांसाठी धोक्याची रेषा इतकी निघाली होती. त्याच प्रयोगात पालाश दिलेल्या झाडांचं उत्पन्न वाढलं, फुटलेल्या पिस्त्यांचं प्रमाण वाढलं, पोचट आणि डागाळलेला माल कमी झाला.

पालाशाचा आकडा एकटा वाचू नका. शेजारी हे पाहा: नत्र २.२ ते २.५ टक्के, स्फुरद ०.१४ ते ०.१७ टक्के, मॅग्नेशियम ०.६ ते १.२ टक्के, क्लोराइड ०.१ ते ०.३ टक्के, बोरॉन १५० ते २५० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग), जस्त १० ते १५ पीपीएम. द्राक्षावरून आलेल्या माणसाला बोरॉनचा आकडा अवाढव्य वाटतो. पिस्त्याला बोरॉन खरोखरच इतर फळझाडांपेक्षा कितीतरी जास्त लागतो, छपाईची चूक नाही ती.

पालाश झाडात फिरतं असल्यामुळे कमतरता जुन्या पानांवर आधी दिसते. उन्हाळ्याच्या मध्यापासून फांदीच्या खालच्या व मधल्या पानांची टोकं आणि कडा पिवळट होतात, मग तांबूस-तपकिरी होऊन करपतात. पण खोऱ्याच्या पश्चिम भागात, जिथे जमिनीत आणि विहिरीच्या पाण्यात क्षार व बोरॉन दोन्ही जास्त असतात, तिथे बोरॉनच्या अतिरेकानेही कडा जवळपास अशाच जळतात. क्लोराइड वाढलं तरी तसंच. आणि ऑगस्टमध्ये आल्टरनेरिया बुरशीचा करपा आला की काळे डाग या सगळ्यावर पसरून चित्र आणखी गढूळ करतात. म्हणून नुसतं पान पाहून खताची ऑर्डर देऊ नका. कडा जळलेल्या आहेत, पालाश १.४ आहे आणि बोरॉन २०० आहे, तर ती पालाशाची कमतरता. कडा तशाच जळलेल्या, पण पालाश १.९ आणि बोरॉन सात-आठशे, तर पोटॅश घालून काही होणार नाही. तिथे प्रश्न पाण्याचा आणि क्षार खाली धुऊन काढण्याचा आहे.

भरीच्या वर्षीचा आकडा मागच्या भरीच्या वर्षाशी ताडून पाहा, रिकाम्या वर्षीचा रिकाम्याशी. यंदा १.७ आणि गेल्या साली २.१ होता म्हणून घाबरायचं कारण नाही, गेल्या साली झाडावर फळ नव्हतं. दोन भरीच्या वर्षांमध्ये १.९ वरून १.७ वर आला असेल तर मात्र बाग हळूहळू रिकामी होते आहे.

आणि पोचट माल वाढला म्हणजे पालाशच कमी पडलं असंही नाही. २०१४-१५ चा हिवाळा उबदार गेला, नर-मादी झाडांचा फुलोरा जुळला नाही, आणि २०१५ मध्ये इथे पोचट पिस्त्यांचा पूर आला. त्या वर्षी जास्त पोटॅश घातलेल्या बागाही त्यातून सुटल्या नाहीत.

माती: कुठल्या बाजूची आहे ते आधी विचारा

सॅन वाकिन खोऱ्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या डोंगरांनी घडवलेल्या आहेत. पूर्वेची माती सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून वाहून आली. तिच्यात व्हर्मिक्युलाइट नावाचं खनिज आहे, तेही नुसत्या चिकणमातीत नाही तर पोयट्यात आणि बारीक वाळूतसुद्धा. हे खनिज आपल्या थरांमध्ये पालाश अडकवून ठेवतं. वरवर वाळूसारखी दिसणारी जमीन म्हणून खत लगेच लागू पडेल असं वाटतं, आणि शंभर पौंड घालूनही माती परीक्षणात आकडा हलत नाही. पश्चिमेची माती कोस्ट रेंजच्या गाळाची, जास्त भारी. तिथे अडकण्याचा प्रश्न कमी, क्षारांचा जास्त.

माती परीक्षणात अमोनियम ॲसिटेट पद्धतीने काढलेलं विनिमयक्षम, म्हणजे मुळांना घेता येण्याजोगं, पालाश पाहा. १५० पीपीएमच्या खाली असेल तर खताला प्रतिसाद मिळण्याची शक्यता चांगली. १०० च्या खाली असेल तर मी पानाच्या अहवालाची वाट पाहत बसणार नाही.

नमुना मात्र ठिबकच्या ओल्या पट्ट्यातूनच घ्या, कारण मुळं तिथेच आहेत. ओळींच्या मधल्या कोरड्या जमिनीतून घेतलेला नमुना बहुतेक वेळा श्रीमंत दिसतो, झाडाला त्याचा उपयोग नसतो. वर्षानुवर्षं ठिबकवर असलेल्या बागेत नळीखालचा पट्टाच सर्वांत जास्त उपसला गेलेला असतो. वरचा दीड फूट वेगळा आणि त्याखालचा दीड फूट वेगळा असे दोन थर घ्या. पालाश जमिनीत सावकाश सरकतं, त्यामुळे वरच्या थरात भरपूर आणि खाली खडखडाट असं चित्र नेहमी दिसतं. त्याच नमुन्यावर क्षारता, सोडियम, क्लोराइड आणि बोरॉनही तपासून घ्या.

मातीत भरपूर आणि पानात कमी, असं आलं तर खताच्या आधी मुळांकडे बघा. पाणी कमी पडतं आहे का, ट्रॅक्टरने जमीन दबली आहे का, सोडियममुळे पाणी मुरत नाही का. मुळांभोवती ओल नसेल तर जमिनीतलं पालाश मुळापर्यंत पोचतच नाही.

मात्रा काढणं

आधी एक गोंधळ मिटवू. प्रयोगशाळेच्या अहवालात आणि वरच्या २५ पौंडांच्या हिशोबात पालाश म्हणजे शुद्ध पोटॅशियम. खताच्या पिशवीवरचा तिसरा आकडा मात्र ऑक्साइडच्या रूपातला असतो. पोटॅशियमला १.२ ने गुणलं की पिशवीवरचा आकडा मिळतो. हा गुणाकार विसरला तर प्रत्येक वर्षी सहावा हिस्सा कमी पडतो.

समजा एक केरमनचा ब्लॉक आहे, भरीच्या वर्षी एकरी ४००० पौंड माल येईल असा अंदाज आहे. चार हजारांना पोटॅशियम १०० पौंड, म्हणजे पिशवीच्या भाषेत १२० पौंड. सल्फेट ऑफ पोटॅशमध्ये ते ५० टक्के असतं, तर एकरी २४० पौंड खत लागेल. रिकाम्या वर्षी १५०० पौंड मालाचा अंदाज असेल तर पोटॅशियम साधारण ३८ पौंड, पिशवीच्या भाषेत ४५, खत ९० पौंड.

हा आकडा प्रत्यक्ष प्रयोगांशी जुळतो का, तेही पाहू. वर उल्लेख केलेल्या प्रयोगातली शिफारस वर्षाला हेक्टरी ११० ते २२० किलो पोटॅशियम अशी होती. हेक्टरी ११० किलो म्हणजे एकरी ९८ पौंड. आपण काढलेले १०० पौंड त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला बसतात. म्हणून मी असं करतो:

पान १.८ ते २.० मध्ये असेल आणि माती ठीक असेल तर जेवढं गेलं तेवढंच परत. पान १.६ च्या खाली असेल किंवा माती पालाश अडकवणारी असेल तर दीडपट ते दुप्पट, पण हेक्टरी २२० किलोंच्या वर नाही, आणि तेही पान पट्ट्यात येईपर्यंतच. पान २.० च्या वर आणि मातीत २०० पीपीएमपेक्षा जास्त, तर त्या वर्षी निम्मं करा किंवा वगळा. जास्त पालाश मॅग्नेशियमच्या शोषणात आडवं येतं, आणि त्या पैशांत कंपोस्टचा एक हप्ता येतो.

अंदाज चुकला तर? मे अखेरीस घोस मोजून पिकाचा अंदाज पुन्हा घ्या आणि राहिलेले हप्ते त्याप्रमाणे बदला. वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेला आकडा पाळलाच पाहिजे असं काही नाही.

तरुण झाडांचा प्रश्न बरेच जण विचारतात. पहिली चार-पाच वर्षं झाडावर विकण्याजोगं पीक नसतं, त्यामुळे बाहेर जाणारं पालाशही नगण्य. पूर्वेकडच्या अडकवणाऱ्या मातीत लागवडीच्या वेळी मातीचा आकडा कमी आला असेल तरच काही द्या, नाहीतर पानाचा आकडा पाहत राहा. पीक सुरू झालं की हिशोबही सुरू करा.

कोणतं खत

सल्फेट ऑफ पोटॅश हे माझं पहिलं उत्तर. क्लोराइड नाही, गंधक मिळतं, हिवाळ्यात पट्ट्याने टाकता येतं. त्रास एकच: पाण्यात विरघळतं कमी, लिटरला सुमारे १२० ग्रॅम, थंड पाण्यात त्याहून कमी. ठिबकमधून द्यायचं तर बारीक दळलेलं, खास फर्टिगेशनचं (पाण्यातून द्यायचं) खत घ्या आणि टाकी सतत ढवळती ठेवा.

म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, स्वस्त. वरच्या प्रयोगात खताच्या प्रकाराने उत्पन्नात फरक पडला नव्हता, त्यामुळे त्याला सरसकट नावं ठेवू नयेत. पिस्ता क्षार सोसण्यात बदाम-अक्रोडांच्या पुढे आहे. गोड्या पाण्याच्या, निचऱ्याच्या जमिनीत हिवाळ्यात टाकून, पुढे पाण्याने क्लोराइड खाली ढकलता येत असेल तर वापरायला हरकत नाही. पश्चिमेच्या खाऱ्या ब्लॉकमध्ये मात्र नको. तिथे आधीच जमा असलेल्या क्लोराइडमध्ये पैसे देऊन भर घालण्यात काय अर्थ?

पोटॅशियम नायट्रेट उत्तम विरघळतं, पण त्याच्याबरोबर नत्र येतं. पिशवीच्या भाषेतलं ५० पौंड पालाश दिलं की १४ पौंड नत्रही गेलं. या खोऱ्यातल्या भूजलात नायट्रेट वाढल्यामुळे इथल्या शेतकऱ्याला नत्राचा जमाखर्च सरकारी नियमाप्रमाणे ठेवावा लागतो. हे १४ पौंड त्यात धरायला विसरू नका.

पोटॅशियम थायोसल्फेट हे द्रवखत, पिशवीच्या भाषेत २५ टक्के पालाश आणि १७ टक्के गंधक, गॅलनला साधारण ३ पौंड पालाश. ठिबकमधून द्यायला सर्वांत सोपं. महागही तेवढंच. आमच्या उदाहरणातले सगळे १२० पौंड यातून द्यायचे तर एकरी ४० गॅलन लागतील. म्हणून मोठा भाग हिवाळ्यात सल्फेटने आणि गर भरतानाचा थोडा भाग याने, अशी विभागणी मला जास्त परवडणारी वाटते.

पानांवरची पोटॅश फवारणी तात्पुरता आधार म्हणून ठीक आहे. एकरी शंभर पौंडांची गरज पानांवाटे भागत नाही.

प्रत्यक्ष देताना

हिवाळ्यातला पट्टा नोव्हेंबर ते जानेवारीत टाका, आणि तो ठिबकच्या ओल्या पट्ट्यावरच पडेल हे बघा. बेकर्सफील्डला वर्षाला जेमतेम सहा इंच पाऊस पडतो, फ्रेस्नोला अकराच्या आसपास. नळीपासून चार फूट दूर पडलेलं खत पावसाच्या भरवशावर तिथेच बसून राहतं. अडकवणाऱ्या मातीत तर अरुंद पट्टाच हवा. थोड्या जागेत जास्त खत पडलं की त्या जागेची अडकवण्याची ताकद भरून जाते आणि उरलेलं मुळांना मिळतं. तेच खत सगळ्या शेतात विस्कटून टाकलं तर मातीच ते खाऊन टाकते.

उन्हाळ्यातले हप्ते मे अखेरपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, चार-पाच वेळा. जून अखेर ते जुलै अखेर यांतले हप्ते मोठे ठेवा. काही बागांत कवच टणक होण्याच्या काळात पाणी मुद्दाम कमी देतात. तेव्हा खत सोडू नका, पाणी पूर्ववत झाल्यावर सोडा. आणि गर भरायला लागला की पाण्याचा ताण अजिबात नको. तेव्हा कोरडी पडलेली मुळं पोटॅशच्या हप्त्याचा उपयोग करू शकत नाहीत.

पाणी सुरू झाल्यावर सगळ्या नळ्या भरू द्या, मग खत सोडा, आणि शेवटी साधं पाणी पुरेसं चालवा म्हणजे नळ्यांत काही उरणार नाही. शेवटच्या झाडापर्यंत खत पोचायला किती वेळ लागतो ते एकदा मोजून ठेवा. मोठ्या ब्लॉकमध्ये तासाहून जास्त लागू शकतो. विहिरीत किंवा कालव्यात खत उलटं जाऊ नये म्हणून उलटप्रवाह रोखणारी झडप इथे कायद्याने बंधनकारक आहे.

मिश्रणाबाबत दोन गोष्टी. सल्फेट ऑफ पोटॅश आणि कॅल्शियमचं कोणतंही खत एकाच टाकीत नको, जिप्सम तयार होऊन ड्रिपर बंद पडतात. थायोसल्फेट आम्लात किंवा आम्लधर्मी खतात मिसळू नका, त्यातून गंधक सुटतं आणि गाळ बसतो. नवीन जोडी वापरण्याआधी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात, त्याच पाण्यात मिसळून दोन तास ठेवा. गढूळ झालं तर टाकीत नेऊ नका.

बिनखताच्या ओळी

पिस्त्याचा घोस झाड हलवून थेट यंत्राच्या ताडपत्रीवर पडतो आणि वरच्या मऊ सालीसकट ट्रकमध्ये चढतो, कारण डाग पडू नयेत म्हणून साल कारखान्यात चोवीस तासांच्या आत काढावी लागते. त्या सालीत बरंच पालाश असतं आणि ते परत येत नाही. त्यामुळे दरवर्षी मालाचं वजन ब्लॉकवार लिहा. अनेक बागांत सगळ्या ब्लॉकचं एकच वजन मिळतं आणि मग हिशोब अंदाजानेच चालतो. काढणीच्या आधी कंत्राटदाराशी बोलून ट्रक ब्लॉकप्रमाणे वेगळे करून घ्या.

शिवाय प्रत्येक मोठ्या ब्लॉकमध्ये दोन-तीन ओळी पोटॅशशिवाय ठेवा. मधल्या, काठाच्या नव्हेत. त्या ओळींची पानं वेगळी तपासा, काढणीच्या वेळी त्यांच्या मालाचा वेगळा नमुना घ्या. त्यात फुटलेले किती, बंद किती, पोचट किती आणि डागाळलेले किती ते मोजा. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका, किमान दोन भरीची वर्षं जाऊ द्या. दोन्ही भरीच्या वर्षांत बिनखताच्या ओळी मागे पडल्या नाहीत आणि त्यांचं पानही १.८ च्या वर राहिलं, तर त्या ब्लॉकचं खत निम्म्यावर आणा. मागे पडल्या, तर पुढच्या हिवाळ्यात त्या ओळींनाही पट्टा टाका आणि तपासणीसाठी शेजारच्या दुसऱ्या ओळी निवडा.